डावीकडची नळी

शैलेंद्र मोहरीलशी माझी ओळख भांडणाने झाली. आयर्लंडातल्या शॅननच्या ज्या कंपनीत आम्ही दोघं आहोत, म्हणजे मी आहे आणि तो होता, तिथे हृदयाच्या रक्तवाहिनीत सरकवायच्या बारीक नळ्या तयार होतात. तो त्या नळ्यांचं डिझाइन करायचा आणि मी क्वालिटीत, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा पगार घेणारा. पहिल्याच आठवड्यात मी त्याची एक बॅच अडवली. तो थेट माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "पुण्याचा आहेस ना बे? वाटलंच." मी म्हटलं, नागपूरचा माणूस चूक कबूल करण्याआधी गाव विचारतो हे ऐकून होतो. त्यावर तो गडगडाटी हसला आणि मला जेवायला घरी घेऊन गेला. बॅच मात्र मी अडवलीच.

त्याचं घर एनिसच्या कडेला, एका शांत वसाहतीत. घराला लागून गॅरेज आणि गॅरेजात गाडी. गाडी म्हणजे तेव्हा नुसता लोखंडी सांगाडा आणि भिंतीला लावलेली खोकी. इंग्लंडातल्या कुठल्याशा कंपनीकडून सुटे भाग मागवायचे, इंजिन जुन्या मोडीतल्या गाडीचं घ्यायचं आणि घरी बसून जोडायची, अशी ती गाडी. लांब नाक, दोन सीट, वर छप्पर नाही, पुढची चाकं अंगाबाहेर आलेली. ज्या देशात वर्षाचे बारा महिने पाऊस पडतो तिथे बिनछपराची गाडी बांधणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी विचारलं तर म्हणाला, "पाऊस अंगावर पडला की समजायचं गाडी चालून राहिली."

दर शनिवारी मी तिकडे जाऊ लागलो. मला गाड्यांचं काही वेड नाही. पण नीलिमावहिनींच्या हातचं वरण-भात आणि शैलेंद्रची बडबड सोडून शनिवारी एनिसमध्ये दुसरं करण्यासारखं काय आहे हे मला आजतागायत सापडलेलं नाही. तो काम करायचा, मी पाने हातात द्यायचो आणि खोट काढायचो. त्यातूनच मी शिकलो की गाडीत त्याचा खरा जीव इंजिनात नव्हता, ब्रेकच्या नळ्यांत होता. "इंजिन कोणीही सुरू करते," तो म्हणायचा. "जी थांबत नाही ती हलवायची नाही. थांबली की गाडी पूर्ण झाली."

सांगाड्याला तांब्याचे कडक पाइप चिकटून असतात, पण चाक वरखाली होतं, वळतं, म्हणून शेवटचा वीतभर तुकडा लवचीक नळीचा लागतो. तो वीतभर तुकडा बसवायला शैलेंद्रने प्रत्येक चाकामागे एकेक आठवडा घालवला. नळीला पीळ पडता कामा नये, ती ताणता कामा नये, टायरला घासता कामा नये. नळी बसली की तो स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला लावायचा, चाक जॅकवर उचलून सोडायला लावायचा, आणि स्वतः जमिनीवर आडवा पडून टॉर्चच्या उजेडात बघत राहायचा. एकदा नळी आणि टायर यांच्यात करंगळीएवढं अंतर होतं. मला चाललं असतं. त्याने उपसून पुन्हा बसवली. "क्वालिटीवाल्या, लाज वाटू दे थोडी," म्हणाला.

तीन चाकं झाली. पुढचं डावं तेवढं राहिलं होतं, आणि तो कंपनीच्या कँटीनमध्ये चहाच्या रांगेत उभा असताना खाली कोसळला.

मेंदूला झटका आला होता. लिमरिकच्या हॉस्पिटलात बरेच दिवस काढून तो घरी आला, काठी टेकत का होईना पण चालत, आणि बोलत तर आधीपेक्षाही जास्त. पहिल्या भेटीत त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हटलं, "हरीश, जाडा होऊन राहिला बे तू." मला इतका आनंद झाला की मी त्याच्या बायकोसमोर रडलो. सुटलो, असं वाटलं. माणूस होता तसाच परत आला.

मग आम्ही जेवायला बसलो. नीलिमावहिनींनी ताट नेहमीसारखं वाढलेलं. उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये वरण-भात, डावीकडे मीठ, लिंबाची फोड, जवसाची चटणी, काकडीची कोशिंबीर. शैलेंद्रने भाजी खाल्ली, आमटी प्यायला, भाताचा उजवा अर्धा भाग सुरीने कापल्यासारखा संपवला आणि म्हणाला, "नीलू, चटणी नाही केली का आज? सगळं अळणी लागून राहिलं." नीलिमावहिनींनी हात पुढे करून त्याचं ताट अर्धं फिरवलं. चटणी उजवीकडे आली. "हां," तो म्हणाला, "आता कसं," आणि लिंबू पिळून उरलेला भात खायला लागला.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या पाणी आणायला उठल्या.

नंतर ओट्याशी त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी इशिता डब्लिनला टॅलाच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. तिने त्यांना नीट समजावलं होतं. शैलेंद्रचे डोळे चांगले आहेत. पण जगाला डावी बाजू असते हेच त्याच्या मेंदूला आता कळत नाही. दाढी अर्धी करतो. डाव्या पायात चप्पल घालायची राहते. डावीकडून कोणी बोललं तर आवाज उजवीकडे शोधतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याला काही कमी पडतंय असं त्याला वाटतच नाही, कारण जे नाहीच ते दिसत नाही अशी तक्रार माणूस कशाला करेल? झालंच तर थोडं सुधारेल, पण फार आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. गाडी चालवायची नाही, हे तर त्यांनी दोनदा बजावलं होतं.

"त्यांना पटलंय का?" मी विचारलं.

"हो म्हणतात. आणि पाच मिनिटांनी म्हणतात, ब्रेक झाले की लाहिंचच्या समुद्रापर्यंत जाऊन येऊ." वहिनींनी नळ बंद केला. "इशिता म्हणते गाडी विकून टाका. भावजी, ती गाडी विकली तर सकाळी उठायचं कशाला, हेही मग तिनेच त्यांना सांगावं."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि घरी आलो.

शनिवार पुन्हा सुरू झाले. राहिलेलं चाक नेमकं पुढचं डावं होतं. देव आहे की नाही मला माहीत नाही, पण असलाच तर त्याची थट्टा करायची पद्धत अगदी हलक्या दर्जाची आहे. गॅरेजात ती बाजू भिंतीला लागून, जेमतेम एक स्टूल मावेल एवढी फट. मी शैलेंद्रला हात धरून तिथे नेलं, चाकासमोर बसवलं, नवी नळी हातात दिली. त्याचे हात चालायला लागले आणि क्षणभर मला वाटलं, जमतंय. नळीचं एक टोक त्याने सांगाड्याच्या पट्टीत बसवलं, तांब्याचा वायसर विसरला नाही, बोल्ट नेमका हवा तेवढाच आवळला. नळीला पीळ नाही ना हे बोट फिरवून पाहिलं. मग त्याने हात पुसले आणि म्हणाला, "झालं."

नळीचं दुसरं टोक त्याच्या डाव्या हाताशी लोंबत होतं.

"शैलेंद्र, ते दुसरं टोक?"

"बसवलं ना बे आत्ता. तुझ्यासमोर." त्याने खरंच बघितलं. चाकाच्या उजव्या अर्ध्याकडे अगदी बारकाईने, डोळे बारीक करून बघितलं. "मस्त बसली आहे."

मी स्टूल सरकवून पाहिलं, त्याची मान हाताने वळवून पाहिली. मान वळली की तो त्या टोकाकडे बघायचा, "अरे हो" म्हणायचा, आणि पाना उचलायला खाली वाकला की ते टोक पुन्हा जगातून नाहीसं व्हायचं. शेवटी वहिनींनी चहाला हाक मारली. ताट फिरवता येतं, गाडी फिरवायला गॅरेजात जागा नव्हती.

तो चहाला गेला आणि मी ते टोक बसवलं. अर्धवट काम डोळ्यासमोर राहिलं की मला झोप लागत नाही, हा माझा जन्मजात दोष आहे. शिवाय वाटलं, याच्या मनाला समाधान. त्याने शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहिलं, चाक उचलून सोडलं. मग त्याला आत बसवून पेडल दाबायला लावलं आणि एकेका चाकाशी जाऊन नळ्यांतली हवा काढली. बुडबुडे संपले. पेडल दगडासारखं कडक झालं. शैलेंद्रच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी कोणाच्या लग्नातही पाहिलेलं नाही. आम्ही गाडी स्टँडवरून खाली उतरवली आणि मी अगदी खुशीत घरी गेलो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

पुढच्या शनिवारी मी वसाहतीत वळलो तर इंजिनाचा आवाज येत होता. गॅरेजचं दार उघडं, गाडी फाटकाकडे येतेय, आणि आत एकटा शैलेंद्र, डोक्याला लोकरी टोपी. वहिनी आत फोनवर होत्या. फाटकाच्या डाव्या अंगाला शेजारची नोरीन, सत्तरी ओलांडलेली, आपला कचऱ्याचा डबा ओढत चालली होती. तिला वाटलं असणार, शे मला बघतोय. ती त्याला शे म्हणते, शैलेंद्र तिच्या जिभेवर बसत नाही.

तो तिला बघत नव्हता. नोरीन त्याच्या जगात नव्हतीच.

मी त्याच्या उजवीकडे होतो. मी "थांब" म्हणून ओरडलो. गाडी तिथल्या तिथे थांबली, इतकी ताबडतोब की तो पुढे हिंदकळला. डावं मडगार्ड डब्यात घुसलं होतं. डबा आडवा झाला होता आणि नोरीन फाटकाच्या कठड्यावर बसली होती, चेहरा पांढराफटक, एक हात छातीवर.

"पाहिलं का बे?" शैलेंद्र माझ्याकडे बघून म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "कसे लागले ब्रेक. चारही एकदम. जरा इकडेतिकडे ओढली नाही."

नोरीन डावीकडून म्हणत होती, "यू आर ग्रँड, शे, यू आर ग्रँड," म्हणजे तिकडच्या बोलीत काही झालं नाही, आणि तिचा आवाज कापत होता. त्याने उजवीकडे मान वळवून ती कुठे आहे ते शोधलं. मग ती उठली, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, आणि तो अगदी आनंदाने म्हणाला, "मॉर्निंग, नोरीन. कम, सी माय ब्रेक्स."

मला त्याचा राग आला. आजारी माणसावर रागवू नये हे मला कळतं, तरी आला. त्याला गदागदा हलवून सांगावंसं वाटलं, तू आत्ता एका म्हातारीला मारत होतास. आणि मी सांगितलंही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, नोरीनकडे पाहिलं. ती धडधाकट त्याच्या उजवीकडे उभी होती. मग दयेने माझ्याकडे पाहिलं. "घाबरला तू," म्हणाला. "जाऊ दे. पहिल्यांदा होते असं."

नोरीनने कोणाकडे तक्रार केली नाही. उलट संध्याकाळी तिने घरी भाजलेला सोडा ब्रेड पाठवला. त्याने तर मला जास्तच लाज वाटली.

त्याच दिवशी वहिनी मला गॅरेजात घेऊन गेल्या. शैलेंद्र आत झोपला होता. किल्लीचा उपयोग नव्हता, कारण गाडीला किल्लीच नव्हती. त्याने स्वतः बसवलेलं बटण होतं आणि ते काढलं तर तो अर्ध्या तासात दुसरं बसवेल. वायरी डॅशबोर्डच्या उजव्या बाजूला होत्या.

"भावजी, ती नळी सैल करा," वहिनी म्हणाल्या.

मला पटकन कळलं नाही.

"ब्रेक नसले तर ते गाडी हलवणार नाहीत. डॉक्टरचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत, पण ते एक पाळतील. जी थांबत नाही ती हलवायची नाही. तेवढंच उरलंय त्यांच्यात शाबूत." त्या भिंतीकडे बघत बोलत होत्या. "आणि काम संपलं नाही तर शनिवारही राहतील."

मी म्हटलं, हे मला जमणार नाही. म्हटलं, आयुष्यभर मी लोकांच्या सैल बोल्टांवर शेरे मारत आलोय. त्या म्हणाल्या, "मग मी करते. कुठला पाना लागतो तेवढं दाखवा." त्यांच्या हातात पाना देणं मला बघवलं नसतं. मी फटीत शिरलो, डाव्या चाकाशी गुडघ्यावर बसलो आणि माझ्या हाताने नीट बसवलेल्या नळीचा बोल्ट थोडासा सोडला. ब्रेक ऑइलचा एक थेंब आला, मग दुसरा. वहिनींनी खाली जुना टॉवेल टाकला.

पुढच्या शनिवारी शैलेंद्रने पेडल दाबलं आणि ते पार तळाला गेलं. त्याने इंजिन सुरूसुद्धा केलं नाही. "कुठेतरी गळून राहिलं," म्हणाला, आणि बाही सरसावली.

तेव्हापासून आम्ही गळती शोधतोय. तो उजव्या पुढच्या चाकापासून सुरुवात करतो. प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर दाबतो, उजेडाकडे धरून बघतो, हुंगतो. त्याचं ते काम बघत राहावं इतकं सुंदर असतं. मग उजवं मागचं चाक. तिथे पोचला की त्याच्यापुरती गाडी संपते आणि तो परत फिरतो. जोड कोरडे असतात. तो वायसर बदलतो, कोरडा जोड उघडून पुन्हा आवळतो, बाटलीत ऑइल भरतो, पेडल मारतो. दोन-चार वेळा ते जरा वर येतं, तो खूश होतो, आणि आम्ही चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा तळाला जातं. डावीकडचा टॉवेल वहिनी बदलत असतात. एकदा तो त्याच ऑइलमध्ये डावा पाय ठेवून उभा होता आणि मला समजावून सांगत होता की गळतीचा डाग कुठेतरी पडायलाच हवा.

दसऱ्याच्या दिवशी मी गेलो तेव्हा त्याने पाने धुऊन, पुसून पाटावर मांडले होते. सगळे पाटाच्या उजव्या अर्ध्यावर, एकमेकांवर चढलेले. वहिनींनी गाडीला नोरीनच्या बागेतल्या शेवंतीची माळ घातली. चाकाखाली लिंबं ठेवायची असतात. शैलेंद्रने वाकून दोन ठेवली, पुढे एक, मागे एक, आणि कुंकू लावलं. डावीकडची दोन वहिनींनी ठेवली. तो आत स्टिअरिंगवर बसला. ब्रेक नाहीत म्हणून इंजिन नाही. मी आणि वहिनींनी मागून ढकललं, गाडी हातभर सरकली, लिंबं चिरडली. आंबट वास आला. त्याने डोळे मिटून दोन्ही हात जोडले, म्हणजे उजवा हात उचलला आणि डावा मांडीवरच राहिला.

वहिनी प्रसाद आणायला आत गेल्या. तो मला म्हणाला, "इकडे ये बे. बस." मी त्याच्या उजवीकडे दाराशी उकिडवा बसलो.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "हे लोक म्हणतात ना, माझी डावी बाजू गेली म्हणून. इशिता म्हणते, डॉक्टर म्हणते. मला काही तसं वाटत नाही. पण एवढे सगळे म्हणून राहिले तर काहीतरी असेल." त्याने स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला. "मी विचार केला, आपल्याकडे तर हरीश आहे. याच्यासारखा कटकट्या माणूस आयर्लंडात दुसरा नाही. माझी एक नळी पास केली नाही याने कधी फुकटात. उजवीकडलं मी पाहतो, डावीकडलं तो पाहतो. मग गाडीला काय धाड भरली?"

मी उजव्या चाकाखालच्या चिरडलेल्या लिंबाकडे पाहिलं.

"पाहतोस ना बे डावीकडलं?"

"पाहतो," मी म्हणालो.

"मग जा. दसऱ्याचा दिवस आहे, आज सापडेल. एक डाव नीट पाहून ये."

मी उठलो, माळेला धक्का न लावता गाडीच्या नाकापुढून वळसा घातला आणि भिंतीजवळच्या फटीत शिरलो. चिरडलेल्या लिंबाशेजारी गुडघे टेकले. बोल्टाला बोट लावलं. बोट ओलं झालं. सैल होता, हवा तेवढा सैल.

"काय दिसलं?" त्याने विचारलं. तो उजवीकडे, उघड्या दाराकडे बघत होता, जिथे मी आत्ता बसलो होतो.

"काही नाही," मी म्हणालो. "सगळं कोरडं आहे."